आईला सांगू की नको?

“ताई, मी संडे स्कूलमध्ये मुलांना ‘खोटी साक्ष देऊ नको’ शिकवते आणि घरी आईशी रोज खोटं बोलते.” खुर्चीत टेकता टेकताच ती म्हणाली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नगर जिल्ह्यातलं, चर्चच्या मंडळीत वाढलेलं कुटुंब. आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पसरलेला. रिपोर्ट आला त्याच रात्री दादानं ठरवलं, आईला कळता कामा नये, ती खचेल. तेव्हापासून ‘पित्त वाढलंय’ एवढंच सांगायचं. फाइल गाद्यांच्या घडीत, गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं खरवडलेली. हे सांगतानाही तिचं नख दुसऱ्या बोटावर तसंच घासत होतं.

खरं सांगावं तर निर्दयपणा, लपवावं तर पाप, ही घालमेल घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. दादाला मी दोष देणार नाही, त्याची मायाच होती ती. पण त्या मायेनं आई एकटी पडली होती. भेटायला येणारेही ‘विश्वास ठेवा, काही होणार नाही’ म्हणत, प्रार्थना करून निघून जात. मला हे फार लागतं. रडायलासुद्धा माणसाला कुणीतरी जवळ लागतं.

तिच्याबरोबर मी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 16वा अध्याय वाचला. आपण जाणार हे येशूनं शिष्यांना सांगितलं, त्यांची मनं दुःखानं भरली, आणि मग तो म्हणाला की अजून पुष्कळ सांगायचं आहे, पण आता तुम्हाला ते सोसवणार नाही. काही राखून ठेवलं, पण खोटं काही सांगितलं नाही. मग बायबलमधलाच आजारी राजा हिज्कीया. तू मरणार, असं सांगून संदेष्टा यशया निघाला. राजानं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि रडला. देवानं संदेष्ट्याला वाटेतूनच परत पाठवलं, ‘मी तुझे अश्रू पाहिले आहेत’ हे सांगायला. हिज्कीयाला पुढं 15 वर्षं मिळाली. तिच्या आईला मिळतील असं मी म्हणू शकत नव्हते, म्हटलंही नाही. पण सांगून झाल्यावर परत जायचं असतं, हे मला तिथं दिसतं.

तिला म्हटलं, “आधी सांगू नकोस, विचार. आईला जेवढं हवंय तेवढंच दे. नको म्हणाली तर थांब, पण पित्त पुन्हा म्हणू नकोस.” दादा एकदा येऊन गेला. खूप रडला. शेवटी तिला म्हणाला, “तू विचार, मी शेजारी बसतो.”

रविवारी उपासनेनंतर ती आईच्या पायांना तेल लावत होती.

“आई, दुखण्याबद्दल तुला काही विचारायचंय का?”

आई बराच वेळ गप्प. “पित्त नाही ना हे?”

“नाही आई. कॅन्सर आहे.”

“किती दिवस ते नको सांगू. लई दुखंल का, तेवढं सांग.”

“मला माहीत नाही गं. उद्या डॉक्टरांना विचारून सांगते.”

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच विचारलं. मॉर्फीनच्या गोळ्यांनी दुखणं बऱ्याच अंशी आटोक्यात राहतं, हे आईला सांगितलं, लिहून आणलेली चिठ्ठीही दाखवली. ती आईनं उशाखाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी आईनं फोन मागितला. जालन्याच्या बहिणीशी बांधावरून कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. तिला म्हणाली, “ये. मला फार दिवस नाहीत.”