ग्रीक तत्त्वज्ञानाने पोट भरेल का?

प्रश्न : मुलगी तत्त्वज्ञान विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्लेटो-अॅरिस्टॉटलवर संशोधन करून प्राध्यापक व्हायचं म्हणते. यात भविष्य आहे का? की तिला अडवावं? – एक पालक

उत्तर : अडवू नका. पण ती प्राचीन ग्रीक शिकते आहे का, हे आधी विचारा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि सगळं तिथेच अडतं. भाषांतरावर विसंबून या क्षेत्रात कुणी उभं करत नाही. ग्रीक हवीच, लॅटिन बहुतेक ठिकाणी लागते, शिवाय जुनं संशोधन वाचण्यापुरती जर्मन आणि फ्रेंच. सॉक्रेटिसच्या आधीच्या विचारवंतांचा तर एकही ग्रंथ पूर्ण उरलेला नाही. हाती आहेत ती मुख्यतः इतरांनी दिलेली अवतरणं. एखाद्या क्रियापदाच्या रूपावरून तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतात. मुलगी यात रमते की कंटाळते, हे वर्षभर ग्रीक शिकल्याशिवाय कळणार नाही. (संस्कृत झालं असेल तर विभक्ती आणि द्विवचनाला ती बिचकणार नाही.)

उशीर मात्र झालेला नाही. ऑक्सफर्डच्या चार वर्षांच्या क्लासिक्स (प्राचीन ग्रीक-लॅटिन भाषा, साहित्य आणि विचार) पदवीलाही शाळेत या भाषा न शिकलेल्यांना प्रवेश मिळतो. अमेरिकेत काही विद्यापीठं पदवीनंतर भाषा पक्की करून घेणारे अभ्यासक्रम चालवतात. टफ्ट्स विद्यापीठाची ‘पर्सियस’ डिजिटल लायब्ररी तर मोफत आहे. ग्रीक शब्दावर क्लिक केलं की व्याकरण आणि अर्थ समोर येतो.

विषयात काम भरपूर आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात करपलेल्या, हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन गावातल्या ग्रंथांच्या गुंडाळ्या घ्या. त्यांतल्या एका न उघडलेल्या गुंडाळीतला सुखाविषयीचा मजकूर २०२३ मध्ये क्ष-किरण स्कॅन आणि संगणकाच्या मदतीने वाचता आला.

काम आहे, पण जागा कमी आहेत. अमेरिकेतल्या हॉवर्ड (हार्वर्ड नव्हे) विद्यापीठाने २०२१ मध्ये क्लासिक्स विभागच बंद केला. पीएचडीनंतर काही वर्षं तात्पुरत्या नेमणुका आणि गावोगाव बिऱ्हाड, हे गृहीत धरा. म्हणून कर्ज काढून पीएचडी करू देऊ नका. पूर्ण फेलोशिप मिळाली तरच जावं. प्रबंधाचा विषयही असा निवडावा, की क्लासिक्स आणि तत्त्वज्ञान या दोन्ही विभागांत अर्ज करता येईल. ग्रीक तत्त्वज्ञानवाल्यांना ही सोय आहे, नुसत्या काव्याच्या अभ्यासकाला ती नसते.

तूर्त तिला प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’चं (सॉक्रेटिसचं न्यायालयातलं बचावाचं भाषण) पहिलं पान ग्रीकमधून वाचायला वर्षभराची मुदत द्या. अर्ज त्यानंतर.