आरोपी आणि गुन्हेगार

सोलापुरातल्या एका वाचकाने विचारले आहे की, एकाच बातमीच्या मथळ्यात 'गुन्हेगार जेरबंद' आणि खाली मजकुरात 'आरोपीस न्यायालयात हजर केले' असे छापलेले असते, तर हे दोन शब्द समानार्थी मानावेत का.

मुळीच मानू नयेत. 'रोप', 'रोपण' यांतला धातूच 'आरोप' या शब्दात आहे आणि एक वस्तू दुसरीवर बसवणे हा त्याचा मूळ भाव आहे. रूपक अलंकारात उपमेयावर उपमानाचा आरोप केलेला असतो, हे आपण शाळेत शिकलो. मुख हाच चंद्र म्हटल्याने मुख चंद्र होत नाही. खटल्यातला आरोपही असाच बाहेरून ठेवलेला असतो आणि तो टिकतो की गळून पडतो, हे पुराव्यावर ठरते. ज्याच्याजवळ धन तो धनी, तसा ज्याच्यावर आरोप तो आरोपी. त्यापलीकडे तो शब्द काहीच सांगत नाही. फारसीतून आलेला 'गुन्हेगार' मात्र गुन्हा घडल्याचा निर्वाळाच देतो, आणि तो देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. ('जेरबंद' हाही फारसीच, मुळात घोड्याची मान आवरणारा पट्टा, माणसासाठी 'अटक' पुरेसा आहे.)

राज्यघटनेतील अनुच्छेद २०(३) नुसार आरोप असलेल्या व्यक्तीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. अनुच्छेद २२ नुसार अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगावी लागतात, पसंतीच्या वकिलाचा सल्ला नाकारता येत नाही आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. हे हक्क निकालाआधीच्या माणसाला राखतात. मथळा त्याला आधीच 'गुन्हेगार' ठरवतो, याचे मला फार वाईट वाटते. 'गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्यही जपून लिहावे, कारण पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही; हा १८७२ च्या पुरावा कायद्यातला नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे.

तुरुंगाच्या भाषेने हा भेद जपला आहे: खटला चालू असलेला तो न्यायाधीन बंदी, बोलण्यात 'कच्चा कैदी', आणि शिक्षा झालेला तो सिद्धदोष बंदी. आपण सोलापूरकर 'त्याच्यावर केस आहे' म्हणतो, तेही नेमके आहे. म्हणून त्या मथळ्याच्या जागी 'चोरीच्या आरोपावरून दोघांना अटक' असे लिहावे, आणि 'गुन्हेगार' हा शब्द दोषसिद्धीच्या बातमीसाठी राखावा.