गावातल्या हायस्कूलचा दहावीचा निकाल १०० टक्के, पण पट मात्र घटतोय. मुलाला तिथे घालावं का?

निव्वळ १०० टक्क्यांवर जाऊ नका, आधी नववीचा पट बघा. बोर्डाचा टक्का परीक्षेला बसलेल्या मुलांवर निघतो, शाळेत असलेल्या मुलांवर नाही. गेल्या वर्षी नववीत २२ मुलं होती आणि यंदा दहावीला १४ बसली, तर मधली ८ कुठे गेली हे मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारा. कच्च्या मुलांना नववीत नापास करायचं किंवा दाखला देऊन १७ नंबरचा फॉर्म (शाळेबाहेरून, खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याचा) भरायला लावायचं, असं काही ठिकाणी होतं. हा त्या मुलांवर सरळ अन्याय आहे, आणि निकालात तो दिसत नाही. शिवाय १२ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ८.३३ टक्के, म्हणून एका वर्षावरून काहीच ठरवू नका.

शाळेत जाऊन एवढं मागा:
- पाच वर्षांचे बसलेले आणि पास झालेले विद्यार्थी, एकत्र बेरीज करून
- श्रेणीनिहाय तक्ता: ७५ टक्क्यांच्या वर किती, नुसते पास (३५ ते ४५) किती
- गणित, विज्ञान आणि इंग्रजीला त्या विषयाचा शिक्षक आहे का

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते; पट घसरला की शिक्षकाचं पद जातं आणि मग मराठीच्या सरांवर भूगोलही येतो. वर्गवार पट शाळेच्या ११ अंकी युडायस क्रमांकावरून (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) ऑनलाइनही सापडतो.

मात्र ऊसतोडीच्या पट्ट्यात पट घटण्याचं कारण स्थलांतरही असतं, त्याचा दोष शाळेला देऊ नका.