जँगोमधील शोध-फॉर्म चालत नसेल तर

जँगो या पायथॉनमधील वेब-फ्रेमवर्कवर बनवलेला तुमचा शोध-फॉर्म दर वेळी संपूर्ण यादीच दाखवत असेल, तर क्वेरीला (डेटाबेसमधून नोंदी मागवणाऱ्या कोडला) हात लावण्याआधी ब्राउझरमधील पत्ता पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बटण दाबल्यावर पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर तुमचा शब्द दिसत नसेल, तर दोष बहुधा टेम्पलेटमध्ये, म्हणजे पानाच्या एचटीएमएल फाइलमध्ये, असतो. कारण ज्या इनपुटला 'नेम' हा गुणधर्म नाही, त्यातील मजकूर ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. नुसता 'आयडी' देऊन भागत नाही, आणि नवशिक्यांची फसगत मी इथेच सर्वाधिक पाहिली आहे. फॉर्मची मेथड (माहिती पाठवण्याची पद्धत) 'पोस्ट' असली, तरीही शब्द पत्त्यात येणार नाही. शोधामुळे डेटा बदलत नसल्याने तिथे 'गेट'च योग्य.

शब्द पत्त्यात दिसत असूनही निकाल चुकत असेल, तर व्ह्यूमध्ये (विनंती हाताळणाऱ्या पायथॉन कोडमध्ये) वाचलेले नाव आणि इनपुटचे नाव अक्षरशः एकच आहे का, हे तपासावे. नावे जुळली नाहीत, तर व्ह्यूला 'नन' (म्हणजे काहीच नाही) मिळते, शब्द आला का हे पाहणारी 'इफ'ची अट खोटी ठरते आणि गाळणी लागतच नाही. व्ह्यूला मिळालेली किंमत (व्हॅल्यू) एकदा टर्मिनलवर छापून पाहावी. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे फार लवकर होते.

शीर्षक किंवा मजकूर यांपैकी कुठेही शब्द सापडावा असे वाटत असेल, तर एकाच 'फिल्टर'मध्ये दोन्ही अटी स्वल्पविरामाने लिहू नयेत, कारण मग दोन्ही पूर्ण होणाऱ्या नोंदीच येतात. तिथे दोन 'क्यू' ऑब्जेक्ट (जँगोमध्ये अट मांडण्याचे साधन) उभ्या रेघेने, म्हणजे 'किंवा'च्या चिन्हाने (|), जोडावेत. दुसऱ्या पानावर शोध हरवत असल्यास पानांच्या दुव्यांमध्ये शोधशब्दही जोडावा.