कागद कोठे शे?

धुळे

बेटा,

तुझं पत्र आणि सोबतचा चौदा पानी आराखडा, दोन्ही वाचले. नकाशा सुरेख काढला आहेस. नंदुरबारहून निघालेली हिरवी रेघ धुळे, जळगाव, नागपूर, रायपूर करत बंगालच्या सीमेवर पेट्रापोलला पोचते, तिथून पलीकडे बांगलादेशात बेनापोल, जशोर, ढाका. चौपदरीकरण कुठे झालं, कुठे रखडलं, रेल्वे कुठून वळते, सगळं आहे. नाही तो फक्त ‘कागद’ हा शब्द. चौदा पानांत एकदाही नाही.

तुमच्या मिरचीच्या तीन गाड्या पेट्रापोलच्या अलीकडे बनगावला अकरा दिवस उभ्या राहिल्या, त्यात खड्ड्याचा काही दोष नव्हता. आयातदाराच्या परवान्यात ‘देठविरहित’ लिहिलं होतं, तुमच्या फायटोत, म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याच्या सरकारी दाखल्यात, नुसतंच ‘सुकी लाल मिरची’, आणि गोणीत माल देठासकट. हे तूच लिहिलं आहेस, पण कुठे, तर ताजा कलममध्ये दोन ओळीत! तो ताजा कलम उचल आणि आराखड्याच्या पहिल्या पानावर टाक.

आता तुझा प्रश्न. बांगलादेशाचा नाद सोडून आखाताकडे कंटेनर भरावेत, की रस्ता-रेल्वेसाठी निवेदनं देत फिरावं? यातलं काहीच सांगत नाही. आखातातही हाच कागद लागतो, फक्त तिथे तो जहाजासोबत जातो म्हणून त्याला आठवड्याची सवड मिळते. शेजारच्या देशात माल पाचव्या दिवशी सीमेवर असतो आणि कागद अजून कुणाच्या तरी टेबलावर. म्हणून पहिलं आणि शेवटचं एकच: गाडीआधी कागद. ट्रान्सपोर्टवाला भाडं ठरवायला आला की भाव विचारण्याआधी स्वतःला आपल्या अहिराणीत विचार, कागद कोठे शे?

तुला सीमा म्हणजे बेनापोलच वाटते. आपल्या दाराशी नवापूर होतं की! गुजरातेतून येणारी, गुजरातेत जाणारी प्रत्येक गाडी विक्रीकराच्या नाक्यावर थांबायची. तिकडे शिरपूरच्या पुढे आग्रा रोडवर मध्य प्रदेशाच्या हद्दीला तेच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, विक्रीकराचे नाके उठले आणि रांग ओसरली. डांबर तेच, वळणं तीच. फरक एवढाच की मालाचा हिशेब पुढे ई-वे बिलाच्या, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन नोंदीच्या, रूपाने गाडी सुटायच्या आधीच संगणकावर चढू लागला. आरटीओचे नाके तेव्हा राहिले, त्यांची कुरकुरही राहिली, ती वेगळी गोष्ट. पण खानदेशच्या माणसाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही.

रस्त्याचं म्हणशील तर भूगोलाने आपल्याला भरभरून दिलंय. हजिऱ्याहून कोलकात्याकडे जाणारा जुना ६ नंबर, आताचा ५३, खानदेशच्या पोटातून जातो. आशियाई महामार्ग ४६ आणि ४७ धुळ्यातच एकमेकांना भेटतात. भुसावळहून हावड्याची थेट लाइन आहे. एवढं असूनही जागतिक बँकेचा २०२१ चा अहवाल काय म्हणतो ते बघ: भारतातल्या कंपनीला बांगलादेशातल्या कंपनीशी व्यापार करण्यापेक्षा ब्राझील किंवा जर्मनीतल्या कंपनीशी करणं १५ ते २० टक्के स्वस्त पडतं. पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला काही दिवस लागतात, आणि पूर्व आफ्रिकेत तेवढ्याच वर्दळीची सीमा सहा तासांच्या आत पार होते. केनिया-युगांडा काही आपल्यापेक्षा श्रीमंत नाहीत.

त्यांनी काय केलं, ते नीट समजून घे. मोंबासाच्या बंदरात माल उतरला की युगांडाचा कर तिथेच, पहिल्या ठिकाणीच आकारून भरून घेतात. २०१४ पासून त्यांचं हे सामाईक सीमाशुल्क क्षेत्र चालू आहे. गाडीला इलेक्ट्रॉनिक सील लागतं, आणि केनिया-युगांडाच्या मलाबा सीमेवर तपासायला उरतं काय, तर सील शाबूत आहे का एवढंच. दोन देशांचे अधिकारी एकाच आवारात बसतात, गाडी एकदाच थांबते. झांबिया-झिंबाब्वेच्या चिरुंडूला २००९ मध्ये असं आफ्रिकेतलं पहिलं ठाणं उघडलं. इमारती त्यांनीही बांधल्या, पण गाडी पोचायच्या आधी निर्णय झालेला असतो म्हणून त्या इमारतींचा उपयोग होतो. आपल्याकडे पेट्रापोलची एकात्मिक चौकी २०१६ पासून चालू आहे, वजनकाटे, गोदामं, वाहनतळ सगळं ठाकठीक. तरी आपली गाडी बेनापोलच्या यार्डापर्यंतच जाते, तिथे माल उतरतो आणि बांगलादेशी गाडीत चढतो. आपल्या कस्टमने एका संगणकप्रणालीत भरलेली माहिती पलीकडचा माणूस त्यांच्या असिकुडा प्रणालीत पुन्हा टाइप करतो. दुसऱ्यांदा टाइप करताना एक आकडा हलला की झाली गाडी उभी.

म्हणून आता कामाचं सांगतो. वही घे.

गाडी भरायच्या दहा दिवस आधी एक मसुदापत्रक तयार कर. एकच पान. त्यात मालाचं वर्णन, एचएस कोड (मालाचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक), गोणींची संख्या, निव्वळ वजन, गोणीसह वजन, आयातदाराचं नाव आणि पत्ता, त्याच्या आयात परवान्याचा नंबर आणि मुदत, एलसीचा (आयातदाराच्या बँकेने पैसे द्यायच्या हमीचा) नंबर, माल रवाना करायची शेवटची तारीख, एलसीची मुदत. हे पान आयातदाराकडे पाठव. त्याने ते त्याच्या बँकेला आणि त्याच्या एजंटला दाखवून, सही करून परत पाठवलं पाहिजे. सही आल्याशिवाय पथारीवरची, म्हणजे मिरची वाळवायच्या जागेवरची, एकही गोणी हलवायची नाही. वर्णन म्हणजे अर्थाने सारखं चालत नाही, अक्षराने सारखं लागतं. परवाना, एलसी, इन्व्हॉइस, फायटो, उगमाचा दाखला, पाचही ठिकाणी तेच शब्द, त्याच क्रमाने. एचएस कोडात अख्खी मिरची ०९०४ २१, कुटलेली किंवा दळलेली ०९०४ २२. पोत्यात चुरा जास्त निघाला तर तपासणारा माणूस नेमका हाच वाद काढतो, तेव्हा भरताना चाळून घ्या.

एलसीत गोणींची संख्या कधीही मुख्य प्रमाण म्हणून येऊ देऊ नकोस. किलोत लिहून घे. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत वजनावर पाच टक्के कमी-जास्त चालतं, रक्कम एलसीच्या वर गेली नाही म्हणजे झालं. पण ‘५०० गोणी’ असं प्रमाण ठरलं की ४९८ गोणींवर बँक बोट ठेवते. मिरचीला ही सवलत लागतेच. नंदुरबारच्या कोरड्या हवेत वजन केलेली मिरची बंगालच्या दमट हवेत ओलावा ओढते, काट्यावर फरक दिसतो, आणि फरक दिसला की गोणी मोजायला काढतात.

त्याच नियमावलीत बिल्टीच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीच्या, तारखेपासून २१ दिवसांत कागद बँकेत सादर करायचे असतात. एलसीत वेगळी मुदत घातली असेल तर ती. तुमच्या गाड्यांची बिल्टी नंदुरबारला फाटली, चार-पाच दिवस प्रवासात गेले, अकरा दिवस बनगावला. किती उरले, मोज.

ई-वे बिलाचं आणखी वेगळं. दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने आपल्या अठराशे-साडेअठराशे किलोमीटरला जेमतेम नऊ-दहा दिवस मिळतात. रांगेत उभ्या गाडीचं बिल रात्री बाराला संपतं आणि मुदतवाढ संपण्याच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर एवढ्याच वेळात करता येते. ही वेळ कुणाच्या लक्षात राहणार? ड्रायव्हरच्या नाही, सीएचएच्या (कस्टमचं काम पाहणाऱ्या एजंटच्या) नाही. तुमच्या ऑफिसात एका माणसाच्या मोबाइलवर गजर लावून ठेव. आणि रायपूरपुढे गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर नवा नंबर तीन जागी बदलावा लागतो: ई-वे बिलाचा भाग ब, पश्चिम बंगालच्या ‘सुविधा’ पोर्टलवरची सीमा ओलांडायच्या वेळेची नोंद, आणि सीएचएने भरलेले कागद. दोन जागी बदलला आणि तिसरी राहिली, की गेटवर गाडी ओळखच दाखवू शकत नाही.

बाकीचं पटकन. एडी कोड, म्हणजे निर्यातीचे पैसे जिथे येतात त्या बँकेचा क्रमांक, पेट्रापोलच्या ठाण्यावर नोंदवलेला हवा, न्हावाशेव्याची नोंद तिथे चालत नाही. जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र, दर आर्थिक वर्षाला नवं. ओलावा ११ टक्क्यांच्या आत, आणि तो भरतानाच मोजायचा. बनगावच्या वाहनतळावर ताडपत्रीखाली घाम सुटलेल्या मिरचीला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाच्या चाचणीत माल पडतो आणि मग कुठलाच कागद वाचवत नाही.

एवढं झालं की प्रत्येक ड्रायव्हरजवळ एक चिठ्ठी दे. भरणं संपलं, वाहनतळात शिरला, नंबर लागला, चौकीच्या गेटात, निर्यातीचा हुकूम, शून्य रेषा (प्रत्यक्ष सीमा), बेनापोलला माल उतरला, रिकामी गाडी परत. आठ वेळा, तास-मिनिटांसकट. दहा गाड्यांच्या चिठ्ठ्या एकाखाली एक मांडल्यास की कुठल्या दोन नोंदींच्या मध्ये हॉल्टिंग (उभ्या गाडीचं भाडं) चढतं ते डोळ्यांना दिसेल. निवेदन त्या दोन नोंदींबद्दल द्यायचं. ‘सीमेवर विलंब होतो’ असं लिहिलेली निवेदनं कपाटं भरून पडली आहेत, त्यांतली बरीचशी माझ्याच अक्षरातली. आमच्या पिढीने टन मोजले, किलोमीटर मोजले, तास मोजले नाहीत. ही खंत आहे माझी, आणि तू पुन्हा किलोमीटरच मोजत बसलीस म्हणून चिडलो.

रेल्वेबद्दल तुझा उत्साह मला कळतो. जुलै २०२० मध्ये गुंटूरजवळच्या रेड्डीपालेमहून सुक्या मिरचीची १६ पार्सल व्हॅनची गाडी बेनापोलला गेली. त्यातली गोम अशी: मालगाडीने पाठवायचं तर एका खेपेला १५०० टनांहून जास्त माल जमवावा लागायचा, पार्सल गाडीला ५०० टनांपर्यंतच चालला. म्हणजे रेल्वेने रूळ नवे टाकले नाहीत, नियम बदलला. पण तुमची कंपनी ५०० टन एका दिवशी, एका वर्णनाचे, एका परवान्यावर उभे करू शकते का? दहा व्यापाऱ्यांची मिरची असली तर दहा फायटो, दहा एलसी, आणि त्यांतला एक चुकला की अख्ख्या गाडीला घोर. आधी तीन ट्रकांचे कागद जुळवून दाखव, मग रेक माग.

आणि एकमेकांच्या गाड्यांना आपल्या हद्दीतून जाऊ देण्याच्या मोटार वाहन करारावरचं ते तुझं पान. बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ, १५ जून २०१५, थिंफू. सही झाली, कोलकाता-ढाका-आगरतळा अशी चाचणीची गाडीही त्याच वर्षी धावली, आणि नंतर सगळं मंदावलं. भूतानच्या संसदेत तो अडला हे तू लिहिलंस. पण खरी गाठ वेगळी आहे. परक्या देशातून जाणारी गाडी वाटेतच रिकामी झाली तर बुडालेला कर कोण भरणार? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हमीपत्र. टीआयआर ही पद्धत त्यासाठीच आहे, भारत २०१७ मध्ये तीत सामील झाला. कोलकाता-हल्दियाहून नेपाळला जाणाऱ्या कंटेनरला इलेक्ट्रॉनिक कुलूप लावतात तेही त्यासाठीच. हमी म्हणजे तरी काय, पैशाने बांधलेला कागद. तो आधी, गाडी नंतर.

तू म्हणशील, काका, एका सहीने सरकार निर्यातच बंद करतं तेव्हा तुमचा कागद काय करतो? बरोबर आहे. १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यात थांबली तेव्हा भरलेल्या गाड्या सीमेवर तशाच होत्या. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा तेच. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भारतीय सुताची भूमार्गे आयात बंद केली. या तिन्ही वेळी माझं तत्त्व लंगडं पडलं, मान्य. पण अशा वेळी अधिसूचनेत सवलत मिळते कुणाला ते वाचत जा. बहुतेकदा त्यांनाच, ज्यांचे कागद बंदीच्या तारखेआधी कस्टमकडे दाखल झालेले असतात. नुसती गाडी सीमेवर उभी होती एवढ्याने भागत नाही. मला लोक ‘कागदी घोडा’ म्हणतात, बाजार समितीतही म्हणतात. मी रस्त्याविरुद्ध आहे असंही बोललं जातं. रस्ता हवाच. पण रिकामा रस्ता आणि भरलेला वाहनतळ एकाच गावात मी पाहायला नको म्हणून हा हट्ट. हट्ट म्हण हवं तर.

पुढची खेप कधी ते कळव. तारीख ठरवण्याआधी मसुदापत्रक पाठव, आणि ‘देठासह’ हा शब्द पाचही कागदांवर लाल पेनाने गोल करून. गाड्या अजून बोलावू नकोस. ट्रान्सपोर्टवाल्याला सांग, काकांची सही यायचीय.

— काका