‘तादाइमा’ला मराठीत काय म्हणावं?

म्हापशाच्या एका ताईंचा प्रश्न आहे. भाचीसाठी त्या एक छोटी जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, मराठीत करताहेत. गोष्ट बोलताना अडखळणाऱ्या एका शाळकरी मुलीची आहे. घरी आल्यावर दारात ‘तादाइमा’ म्हणायचं असतं, पण तिला शब्द फुटत नाही, म्हणून ती रोज मुकाट्यानं आत शिरते. आई मात्र तिच्या शब्दासाठी न थांबता रोज ‘ओकाएरी’ म्हणते. शेवटच्या पानावर मुलगी अडखळतच ‘तादाइमा’ म्हणते आणि मग आरशासमोर जाऊन स्वतःलाच ‘ओकाएरी’ म्हणते. ताईंनी ‘मी घरी आले आहे’ आणि ‘घरी तुझे स्वागत आहे’ असं लिहिलं. भाची म्हणाली, “मावशी, असं कोण बोलतं?”

भाचीचा कान पक्का आहे. स्वागत पाहुण्यांचं होतं, लग्नाच्या मांडवात होतं. घरच्या लेकराचं कुणी स्वागत करत नाही. शब्दशः जायचं म्हटलं तर आणखी फसगत होते. ‘तादाइमा’चा मूळ अर्थ ‘आत्ता’. ‘आत्ताच परत आले’ या पूर्ण वाक्याचा हा उरलेला तुकडा. ‘ओकाएरी’ हे ‘ओकाएरीनासाई’चं आखूड, घरगुती रूप; फोड केली तर ते ‘परत या’ असं आज्ञार्थी निघतं. दारात उभ्या असलेल्या मुलीला ‘परत ये’ म्हटलं तर ती बिचारी पुन्हा बाहेरच पडेल!

गंमत अशी, की घरातून निघतानाचा जपानी शब्द आपल्याला जसाच्या तसा सापडतो. ‘इत्तेकिमासु’ म्हणजे ‘जाऊन येते’. आमच्या डिचोलीच्या घरी ‘जाते’ म्हटलं की आजी उंबऱ्यावरच अडवायची, “जाते नव्हे, येते म्हण.” शेजारचे कोंकणीतही निघताना ‘येतां’च म्हणतात. निघतानाच परतण्याचा शब्द द्यायचा, ही रीत आपल्याकडेही तितकीच मुरलेली आहे.

परतल्यावरचा ठरीव शब्द मात्र मराठीत नाही असं वरवर वाटतं. पण मला ते खरं वाटत नाही. कदंबाच्या बसमधून उतरून मी घराच्या पायऱ्या चढायचे तेव्हा काकी सोप्यावर बसून आठळ्या सोलत असायची. मान वर न करता म्हणायची, “आलीस? हातपाय धू.” मी समोर उभी आहे हे तिला दिसत होतं, म्हणजे विचारण्यासारखं काही नव्हतंच. हा ‘आलीस?’ माहितीसाठी विचारलेला प्रश्न नाही. तू आलीस हे मी पाहिलं, आता घर पुरं झालं, एवढं सगळं त्यात येतं. ‘ओकाएरी’चं काम नेमकं हेच आहे. बाबांसाठी तोच शब्द ‘आलात?’ होतो, आणि माया फार दाटली की लिंगच बदलतं: ‘आलं माझं बाळ!’ कोंकणीत लहान मुलीला सरळ ‘तें आयलें’ म्हणतात, ते नपुंसकलिंग मला नेहमी फार गोड वाटत आलंय.

तेव्हा ताई, ‘तादाइमा’ला ‘आले’ आणि ‘ओकाएरी’ला ‘आलीस?’ घ्या. आईला हाक मारायची असेल तर ‘आले गो’ करा, आपल्या भागात ते अगदी घरचं वाटेल. आणखी एक सोय आहे. मांगात जपानी मजकूर सहसा उभा लिहितात, म्हणून त्यातले संवादाचे फुगे उंच आणि अरुंद असतात. आपली ओळ आडवी. ‘घरी तुझे स्वागत आहे’ त्यात चार तुकडे करून कोंबावं लागतं. ‘आलीस?’ सुखानं मावतं.

अडखळणं लिहिताना मात्र जपा. ‘ता’ व्यंजनानं सुरू होतो, म्हणून तो तुटतो: ता... ता... तादाइमा. ‘आले’ स्वरानं सुरू होतं, म्हणून ‘आऽऽले’ लिहिण्याचा मोह होईल. तो टाळा. अवग्रह, म्हणजे ‘ऽ’ ही खूण, पाहिला की वाचणारा लांबून मारलेली हाक ऐकतो, अडकलेला शब्द नव्हे. ‘आ... आ... आले’ लिहा, आणि टिंबांना जागा द्या.

ताईंचा दुसरा प्रश्न मुखपृष्ठावरच्या ‘आत्मस्वीकृतीची कथा’ या ओळीबद्दल होता. शब्द चूक नाही, लेखात शोभेल. पण आपण अर्ज स्वीकारतो, राजीनामा स्वीकारतो, आरोपी गुन्हा स्वीकारतो. स्वीकाराला कागदाचा वास येतो, आणि ‘झालं ते चालवून घेतलं’ अशी छटाही असते. ती मुलगी स्वतःला चालवून घेत नाही, ती स्वतःला आपलं म्हणते. दत्तक मुलाला, नव्या सुनेला, परक्या गावाला आपण ‘आपलंसं करतो’. तेच क्रियापद स्वतःकडे वळवायला काय हरकत आहे? ‘स्वतःला आपलं म्हणणाऱ्या मुलीची गोष्ट’ असं मी लिहीन. लांब आहे, पण दहा वर्षांच्या भाचीला समजावून सांगावं लागणार नाही.

राहता राहिली आरशाची चौकट. आईच्या तोंडी दर वेळी ‘आलीस?’ असं प्रश्नचिन्हासकट ठेवा, अगदी शेवटपर्यंत. आरशासमोर मुलगी तोच शब्द म्हणेल तेव्हा प्रश्नचिन्ह काढून टाका आणि पूर्णविराम द्या: ‘आलीस.’ मोठ्यानं वाचून पाहा, आवाज आपोआप खाली उतरतो. त्या फुग्यात याहून जास्त काही लिहू नका.