साताऱ्यात बारावी सायन्सला असलेल्या मुलीला बॅटरी-संशोधनात जायचं आहे. तिने कुणाचं काम वाचावं?

एस्थर ताकेउची. लॅटव्हियातून आलेल्या निर्वासित कुटुंबात जन्म, अमेरिकेत रसायनशास्त्रात पीएचडी, १९८४ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या ग्रेटबॅच कंपनीत रुजू.

हृदयाची लय बिघडली की झटका देणारं डिफिब्रिलेटर छातीत बसवतात. त्याची बॅटरी वर्षानुवर्षं टिकायला हवी आणि वेळ आली की काही सेकंदांत मोठी ऊर्जा द्यायला हवी. बॅटरी बदलायची म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया! लिथियम-सिल्व्हर व्हॅनेडियम ऑक्साइडची टिकाऊ बॅटरी घडवण्यात ताकेउचींचा मोठा वाटा. त्यांच्या नावावर १५० हून जास्त पेटंट आहेत.

पुढे स्टोनी ब्रूक विद्यापीठात त्या वीजग्रिडसाठी, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्यासाठी, ऊर्जा साठवण्यावरही काम करू लागल्या. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पाहिलेल्या मुलीने ते आवर्जून वाचावं. आत्ता मात्र विद्युतरसायनशास्त्राचा धडा नुसता पाठ करू नये, नीट समजून घ्यावा.